किती दिवस ते लिहिलेलं नाही

४ मार्च

ताई,

आणि "तुला यातलं काय कळतं" हे तू फोनवर तीनदा म्हणालीस. मी मोजलं. चौथ्यांदा म्हणायच्या आत फोन मीच ठेवला. नाहीतर माझ्या तोंडून जे निघालं असतं ते आईला ऐकू गेलं असतं, ती तुझ्या शेजारीच बसली होती. म्हणून लिहितोय. लिहिलेलं तुला मधेच तोडता येत नाही. अक्षराला हसू नकोस. आठवीत शाळा सोडलेल्याचं अक्षर आहे. आणि तुझं तरी डॉक्टरीण झाल्यापासून कुठे कुणाला लागतं?

मला एकच सांग. आईच्या पायावर बोट दाबलं की खड्डा पडतो आणि तो लवकर भरून येत नाही, हे मला शेजारच्या काकूंनी का सांगावं? तू दहा मिनिटांवर राहतेस. दवाखान्यावर पाटी तुझ्या नावाची आहे. आणि तू म्हणतेस, "वय झालंय, पाय खाली सोडून बसते म्हणून सुजतात." वय झालंय हे मलाही दिसतं, त्यासाठी कॉलेजात जावं लागत नाही. रक्त तपासलंस का? किडनीचं? हा शब्द मला कुठून आला म्हणून तुला हसू आलं असेल. सांगतो.

ही माझी नववी नोकरी आणि ती टिकली याची तुला गंमत वाटते. "भिंगरी एका जागी थांबली कशी?" थांबलेली नाही. दिवसभर फिरतेच आहे. हॉस्पिटलच्या औषधांच्या स्टोअरमधून ट्रॉली भरायची आणि सात वॉर्डांत पोचवायची. लिफ्ट दोन, त्यातली एक कायम बंद. आणि जानेवारीपासून आणखी एक काम गळ्यात पडलंय. इथे स्टोअरवर एक मॅडम आहेत, कोणता डॉक्टर काय लिहितो ते बघणं हेच त्यांचं काम. बुटक्या आहेत, चष्मा कपाळावर, जीभ तिखट. त्यांनी मोहीम काढलीय, डॉक्टरांनी औषधं नीट लिहावीत म्हणून. दर महिन्याला प्रत्येक डॉक्टरला एक पाकीट जातं. आत एक कागद: तुमच्या शंभर पेशंटपैकी इतक्यांना अँटिबायोटिक दिलंत, बाकीचे डॉक्टर सरासरी इतक्यांना देतात. इतक्या जणांना दुखण्याची गोळी महिन्यावर चालू आहे, त्यातल्या इतक्यांची किडनी तपासलेली नाही. कुणाचं नाव नाही, रागावणं नाही. नुसते आकडे.

ती पाकिटं मी वाटतो. साठ.

पाकीट बंद असतं, पण डॉक्टर ते माझ्यासमोरच फोडतात. ट्रॉलीवाल्यासमोर कुणी लाजत नाही. म्हणून मला सगळं बघायला मिळतं. दुसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या सरांनी पाकीट न फोडताच मधून फाडलं आणि माझ्या हातात दिलं. "जा, तुझ्या मॅडमना सांग, मी अठ्ठावीस वर्षं हेच करतोय." मी ते दोन तुकडे मॅडमना नेऊन दिले. त्या म्हणाल्या, "तीच तर अडचण आहे." आणि चिकटपट्टी लावून फाईलला लावले.

एकांनी वाचलं, लाल झाले आणि मलाच विचारलं, "बाजूच्या खोलीतल्याचा आकडा किती आहे रे?" एक तरुण डॉक्टर आहे, त्यानं कागद घडी करून खिशात घातला आणि हळूच म्हणाला, "मी काय करू? वरचे लिहितात ते मी पुढे चालू ठेवतो. त्यांचं औषध मी कापलं तर दुसऱ्या दिवशी मलाच कापतील."

तर हे असं आहे. सगळे तुझ्यासारखंच बोलतात, ताई. सगळ्यांना राग येतो. पण त्या कागदातली एक ओळ मी इतक्या वेळा ऐकलीय की ट्रॉली ढकलताना डोक्यात वाजते: दुखण्याची गोळी, रोज, किडनी तपासलेली नाही.

आई रोज एक पिवळी गोळी घेते. गुडघ्याची. तू लिहिलेली.

रक्त तपास. आणि काय येतं ते मला आकड्यात कळव, "ठीक आहे" असं नको.

भिंगरी


१९ मार्च

ताई,

दोन पूर्णांक आठ. किडनीचा आकडा, जो एकच्या आसपास हवा.

मी तो आकडा मॅडमना दाखवला तेव्हा त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यावर घेतला. त्यांना मी ओळखतो, त्या उगाच चष्मा खाली घेत नाहीत. "कुणाचं आहे?" म्हणाल्या. आईचं म्हटल्यावर त्यांनी मला खुर्ची दिली. इथे लागल्यापासून मला कुणी पहिल्यांदा खुर्ची दिली, आणि ती या आकड्यापायी.

आणि तू काय लिहितेस? "किडनीवर जरा ताण आहे." जरा! सिमेंटचं पोतं अंगावर पडलं तर तू म्हणशील अंगावर जरा धूळ आहे. आणि त्याच्याखाली अख्खं पान तुझी बाजू. मी ते चारदा वाचलं. तू लिहितेस: "तुझ्या मॅडमना म्हणावं, एक सोमवार माझ्या खुर्चीत बसा. सकाळी बाहेर ऐंशी माणसं असतात. मी गोळी लिहिली नाही तर समोरच्या दवाखान्यातला सुई टोचायला तयारच आहे. पेशंट तिकडे जातो आणि वर सांगतो, ताईंना काही येत नाही. कागद पाठवणं सोपं आहे."

वाचून मला इतका राग आला की पत्र चुरगळलं, मग पुन्हा सरळ केलं. कारण अगदी हेच मी गेल्या बुधवारी ऐकलं होतं, इथल्या मीटिंगमध्ये.

बुधवारी दुपारी डॉक्टरांना मोठ्या हॉलमध्ये बसवतात आणि मॅडम पडद्यावर तक्ते दाखवतात. खुर्च्या लावायच्या, पाणी ठेवायचं आणि भिंतीला टेकून उभं राहायचं, हे माझं काम. त्या दिवशी जी जुंपली ती तू बघायला हवी होतीस.

मॅडमनी तक्ता लावला. मोठे सर लगेच, "हे आकडे कुणी काढले? माझ्याकडे बाकीच्यांनी हात टेकलेले पेशंट येतात. सर्दीवाल्यांशी माझी बरोबरी करता?"

मॅडम म्हणाल्या, "सर, यात फक्त सर्दीवालेच मोजलेत."

सगळा हॉल हसला. सर नाही हसले. मग लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई उठल्या. त्यांच्या खांद्यावर कुणा पोरानं ओकलेला डाग तसाच होता. म्हणाल्या, "मला तुमचं पटतं. शंभर टक्के पटतं. पण एका पोराला माझ्याकडे तीन मिनिटं आहेत. औषध लिहायला अर्धं मिनिट लागतं. औषध का नको हे त्याच्या आईला समजवायला दहा लागतात. ती दहा मिनिटं मला कोण देणार? ती द्या, मग पाकीट पाठवा. नाहीतर मी पाकिटाला कंटाळेन आणि औषध लिहीतच राहीन."

कुणीतरी मागून म्हणालं, "कंपनीचा माणूस निदान पेन तरी देतो. तुम्ही नुसती लाज देता."

मॅडम म्हणाल्या, "पेन देते. खाली स्टोअरमध्ये या, त्यानं एखादं औषध बंद करून दाखवा."

आणि सगळ्यांत म्हातारे डॉक्टर आहेत एक, नेहमी डुलक्या घेतात, आम्ही त्यांना आपसात आजोबाच म्हणतो. ते डोळे न उघडताच बोलले. "मी माझ्या पाकिटांवर हसत होतो. मग मागच्या महिन्यात एकेक पेशंट काढून बघितला. अकरा जण सापडले, ज्यांना मी एखादं औषध पंधरा दिवसांसाठी दिलं होतं आणि ते वर्षभर घेत होते. मी चुकीचं लिहिलं नव्हतं. मी 'थांबवा' एवढंच लिहिलं नव्हतं." मग त्यांनी डोळे उघडले. "ही लाज मला कुणीतरी दहा वर्षं आधी द्यायला हवी होती."

मोठे सर घड्याळ बघायला लागले.

मी मीटिंगनंतर खुर्च्या आवरल्या आणि सरळ मॅडमकडे गेलो. आईच्या चिठ्ठीचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे, तुझ्या पॅडवरची ती जुनी चिठ्ठी. त्यांनी मोठा करून बघितला. बोट सरकवत सरकवत खाली गेल्या. मग विचारलं, "किती दिवस?"

मी म्हटलं, "काय किती दिवस?"

"गोळी. किती दिवस घ्यायची ते लिहिलेलंच नाही."

ताई, मी तो फोटो शंभरदा बघितलाय. मला कधी दिसलं नाही की तिथे काही नाही. पण मी आठवी नापास. तू? वरती प्रेशरची गोळी, लघवी साफ होण्याची गोळी, आणि खाली ही पिवळी. मॅडम म्हणतात, ही तीन एकत्र आणि वयस्कर बाई, म्हणजे किडनीला तिन्हीकडून धरल्यासारखं. इथे कॉम्प्युटरवर अशा वेळी लाल खिडकी येते. डॉक्टर न वाचता "ठीक आहे" दाबतात, इतक्या येतात म्हणून. तुझ्याकडे तर खिडकीही नाही. तुझ्याकडे फक्त तू.

चौदा महिने खाल्ली तिनं ती. आपल्या आईनं.

आणि समोरच्या सुईवाल्याचं मला सांगू नकोस. आई काही समोरच्याकडे पळून जाणार नव्हती.

भिंगरी


२ एप्रिल

ताई,

"मी सात दिवसांसाठी दिली होती, तोंडी सांगितलं होतं. चौदा महिने तिला ती कोण आणून देत होतं?"

आता तू मला प्रश्न विचारणार. छान. आधी तू सांग, तोंडी सांगितलं म्हणजे काय? आई तुझ्यासमोर सगळ्याला "हो बाळा" म्हणते. घरी गेल्यावर तिला आठवतं ते एवढंच की ताईनं तपासलं आणि ताईनं लिहिलं. मला पाढे पाठ नव्हते तेव्हा तू पट्टीनं हातावर मारून म्हणायचीस, "लिही, लिहिल्याशिवाय डोक्यात राहत नाही." आणि आईला तोंडी?

मेडिकलवाल्याला विचार कोण आणत होतं ते. दुकान त्याचं आहे.

आणि तू तिच्याकडे महिन्यातून कितीदा जातेस ते मी विचारत नाही. तू म्हणशील, पेशंट सोडून कशी येऊ. आपल्या घरात तूच शिकलीस, म्हणून तुला सगळं माफ. मी शिकलो नाही, म्हणून मी पैसे पाठवायचे आणि गप्प बसायचं. "पैसे पाठवले म्हणजे झालं का," असं तूच म्हणाली होतीस ना दोन वर्षांपूर्वी, दारात उभी राहून, माझी बॅग माझ्या हातात असताना? तिथेच मी म्हटलं होतं, तुझ्या हातात यापुढे एक पैसा देणार नाही, आणि दिलेला नाही.

आकडा काय आहे आता? सूज?

भिंगरी


११ एप्रिल

ताई,

काकूंचा फोन आला. तू मेडिकलमध्ये जाऊन दुकानवाल्या काकांना चार गिऱ्हाइकांसमोर झाडलंस म्हणे. चिठ्ठी बघायची अक्कल नाही का, नवी चिठ्ठी मागायची नाही का, लायसन घालवते तुमचं. आणि काका काही बोलले नाहीत. काउंटरवर हात ठेवून उभे राहिले.

ते बोलले नाहीत हे ऐकून मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

ताई, त्यांची तक्रार करू नकोस. ती गोळी मी मागवत होतो.

दर महिन्याच्या पाच तारखेला मी त्यांना पैसे पाठवायचो आणि फोन करायचो. "काका, आईचं तेच सगळं घरी पोचवा." तेच सगळं. एवढंच. दोन-तीन महिन्यांनी त्यांनी विचारलं होतं, "अरे, ही पिवळी अजून चालू आहे का? ताईंना एकदा विचारून घे." मी म्हटलं, "ताईच्याच सहीची आहे ना? मग द्या. आणि तिला काही बोलू नका, आमच्यात उगाच वाढतं." त्यांनी माझं ऐकलं. परवा तुझ्यासमोर गप्प राहिले तेही त्या शब्दापायी. मी त्यांना तुझ्यापासून लपवायला सांगितलं आणि तू त्यांना लपवल्याबद्दल झाडलंस.

तुला विचारायचं नव्हतं मला. खरं सांगतो. तुला विचारायचं म्हणजे तुला फोन करायचा. तुला फोन करायचा म्हणजे तू म्हणणार, "आली का आठवण?" ते ऐकण्यापेक्षा काकांना "तेच द्या" म्हणणं सोपं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम.

आणि आईनंही सांगितलं होतं. मधे एकदा गोळ्या संपल्या होत्या तर फोनवर म्हणाली, "गुडघा फार धरला रे, तुझ्या गोळीनंच बरं वाटतं. ताईला सांगू नकोस, ती ओरडते." तुझी गोळी म्हणाली ती. तुझी म्हणजे माझी. मी इतका फुगलो, ताई. लांब बसून मी आईचा गुडघा बरा करतोय. तू डॉक्टर असून तुझ्याच्यानं झालं नाही आणि मी ट्रॉलीवाला असून केलं. इथल्या पोरांना मी सांगितलंय हे, अभिमानानं.

आणि वॉर्डात लाल खिडकीवर न वाचता बोट दाबणाऱ्या डॉक्टरांना मी मागून शिव्या घालत होतो.

मॅडमना मी हे सांगितलं. वाटलं, त्या तरी म्हणतील, तुझी काय चूक, तू काय शिकलास. नाही म्हणाल्या. म्हणाल्या, "तुझी चूक आहे. तुझ्या बहिणीची आहे. दुकानदाराची आहे. वाटून घ्यायला गेलात तर आईच्या वाट्याला काही येत नाही. तिची गोळी थांबली का?" मी म्हटलं, थांबली. "सगळ्या पट्ट्या घरातून बाहेर काढल्या का? उशीखाली, डब्यात, देवाच्या फोटोमागे? म्हाताऱ्या माणसांकडे नेहमी एक पट्टी उरलेली असते." ते मला माहीत नव्हतं. तू बघितलंस का? जाऊन बघ. आज बघ.

आता तू मला काय म्हणायचं ते म्हण. पण एक ऐक. मी मागवली हे खरं. पण "सात दिवस" हे दोन शब्द त्या कागदावर असते तर काकांनी मला दिली नसती आणि मीही मागितली नसती. माझी बाजू म्हणून हे लिहीत नाही. तू उद्या सकाळी ऐंशी जणांना लिहिणार आहेस म्हणून लिहितोय. त्यातल्या कुणाकुणाचा माझ्यासारखा भाऊ लांब असेल.

काकांकडे जा. माफी मागायला नको सांगत, ते तुला जमत नाही. नुसती जा.

भिंगरी


८ मे

ताई,

पत्र नाही, निरोप नाही, मायना नाही. पाकिटात तुझ्या पॅडचा एक कागद. आईचं नाव, वय, तारीख. खाली तीन औषधं, आणि प्रत्येकाच्या पुढे किती वेळा, किती दिवस, कधी थांबवायचं. पिवळ्या गोळीचं नाव लिहून त्याच्यावर आडवी रेघ आणि बाजूला मोठ्या अक्षरात "बंद. पुन्हा देऊ नये. कुणीही मागितली तरी." ते "कुणीही" तू दोनदा गिरवलंस. कळलं मला कुणासाठी ते.

आणि तळाला: एक प्रत घरी, एक मेडिकलला, एक भावाला.

अक्षर लागलं. सगळं लागलं. तुला नीट लिहिता येतं तर इतकी वर्षं कोंबडीचे पाय का काढत होतीस?

मी तो कागद मॅडमना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला आणि विचारलं, "ही बाई आमच्या बुधवारच्या मीटिंगला बोलायला येईल का?" मी म्हटलं, ती तुमच्याशीच भांडेल. त्या म्हणाल्या, "म्हणून तर." मोठ्या सरांनी या महिन्यातही पाकीट फाडलं, पण या वेळी आधी फोडून, वाचून मग फाडलं. मॅडम त्याला प्रगती म्हणतात. डॉक्टरीणबाईंना अजून ती दहा मिनिटं मिळालेली नाहीत. त्यांचा आकडा तसाच आहे आणि त्यांचा राग मला खरं तर पटतो. तुझाही पटतो थोडा. जास्त नाही.

काकूंनी सांगितलं, उशीच्या खोळीत दोन पट्ट्या सापडल्या. आई तुझ्यावर खूप ओरडली म्हणे, "माझ्या मुलानं पाठवलेल्या आहेत." तू तिच्या गुडघ्याला शेक देत बसलीस. तासभर. सोमवारी सकाळी. त्या दिवशी बाहेरच्या ऐंशी जणांचं काय झालं ते काकूंना माहीत नाही, मी विचारलंही नाही.

काका म्हणाले, तू गेली होतीस. माफी मागितली नाहीस. कागद काउंटरवर ठेवलास आणि म्हणालीस, "दिवस लिहिलेले नसतील तर माझीसुद्धा चिठ्ठी परत पाठवा." काकांना ते माफीसारखंच वाटलं. मला नाही वाटलं, पण चालेल.

माझा राग गेलेला नाही, सांगून ठेवतो. दोन पूर्णांक आठचा दोन पूर्णांक दोन झाला, पण तो आणखी खाली येईल की नाही हे तुला सांगता येत नाही, मॅडमनाही येत नाही. तोवर मी तुझ्यावर रागावणार आणि तू माझ्यावर. आई परवा फोनवर मला म्हणाली, "गुडघा दुखतो रे, पाठव ना." मी नाही म्हटलं. तिनं फोन ठेवला. औषध नाही म्हणताना कसं वाटतं ते मला पहिल्यांदा कळलं. तू रोज ऐंशी जणांना कसं म्हणणार, देव जाणे.

पुढची तपासणी तू एकवीस तारखेची लिहिलीस. ती चुकवू नकोस आणि आकडा आकड्यातच कळव. आजवर पाच तारखेला काकांना पाठवायचो त्यात पिवळ्या गोळीचेही असायचे. ते कापून कमी पाठवणार होतो. नाही कापत, ते एकवीस तारखेच्या रक्ततपासणीला लाव. दारात उभा राहून मी काय बोललो होतो ते मला आठवतं, तरी या वेळी काकांकडे नाही, तुझ्याकडे पाठवतोय: तीन हजार दोनशे.